रॅडबर्न: बागेकडे तोंड केलेली घरं आणि मत नसलेले घरमालक

अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात, न्यूयॉर्कपासून साधारण २५ किलोमीटरवर फेअर लॉन नावाचं गाव आहे. त्या गावात रॅडबर्न ही छोटी वसाहत आहे. एकूण जागा १४९ एकर. ४३० स्वतंत्र घरं, ९० ओळीतली घरं, ५४ जोडघरं आणि ९३ सदनिकांचा एक गट, म्हणजे सातशेपेक्षाही कमी कुटुंबं आणि तीन हजारांच्या थोडी वर माणसं. एवढ्याशा वस्तीचं नाव नगररचना शिकणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या वहीत असतं. पहिली कुटुंबं इथं १९२९ साली राहायला आली आणि २००५ साली या वसाहतीला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला.

रॅडबर्नचा नकाशा पाठ्यपुस्तकांत छापला जातो. त्याच्यासोबत जन्मलेला दुसरा कागद मात्र फारसा कुणी उघडून बघत नाही. तो म्हणजे प्रत्येक घराच्या खरेदीखताला जोडलेल्या अटी. ही वसाहत जवळजवळ शंभर वर्षं जशीच्या तशी टिकली ती या दोन कागदांच्या जोडीमुळे, असं माझं ठाम मत आहे. आणि तिथलं सगळ्यात कडू भांडण पेटलं तेही याच दुसऱ्या कागदामुळे. म्हणून हे प्रकरण नकाशापाशी थांबवता येत नाही. ते कोर्टापर्यंत आणि पुढे विधिमंडळापर्यंत न्यावं लागतं.

मोटारीच्या काळातलं गाव

१९२० साली अमेरिकेत सुमारे ८० लाख खासगी मोटारी होत्या. १९३० पर्यंत त्या सव्वादोन कोटींच्या वर गेल्या. रस्ते मात्र घोडागाडीच्या काळातल्या चौकटीतच होते. प्रत्येक रस्ता दुसऱ्याला काटकोनात छेदणारा, प्रत्येक घराचं दार रस्त्यावर उघडणारं, आणि मुलं खेळायची तीही त्याच रस्त्यावर. मोटारीखाली सापडणारी मुलं ही त्या दशकातल्या शहरांची रोजची बातमी होती. क्लॅरेन्स स्टाइन आणि हेन्री राइट या दोन आराखडाकारांनी रॅडबर्नची मांडणी केली ती या प्रश्नावर. ‘मोटारयुगाचं गाव’ अशी तिची जाहिरातच झाली.

पैसा आणि जमीन सिटी हाउसिंग कॉर्पोरेशनची होती. अलेक्झांडर बिंग या बांधकाम व्यावसायिकानं उभी केलेली ही कंपनी नफ्यावर स्वतःच मर्यादा घालून चालायची. भागधारकांना ६ टक्क्यांहून जास्त लाभांश द्यायचा नाही, असा तिचा नियम होता. याच मंडळींनी १९२४ ते १९२८ या काळात न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात सनीसाइड गार्डन्स बांधलं होतं. तिथं शहराची आखून ठेवलेली रस्त्यांची चौकट मोडायला परवानगी नव्हती, त्यामुळे त्यांना ब्लॉकच्या, म्हणजे चार रस्त्यांनी वेढलेल्या जमिनीच्या तुकड्याच्या, आतच काय ते करावं लागलं. न्यू जर्सीत सुमारे दोन चौरस मैल शेतजमीन मिळाली आणि पहिल्यांदाच कोरा कागद हातात आला. इंग्लंडमध्ये एबेनेझर हॉवर्डच्या कल्पनेतून १९०३ साली लेचवर्थ हे उद्याननगर सुरू झालं होतं. तसं काहीतरी अमेरिकेत उभं करायचं, २५ हजार लोकांचं, हा मनसुबा होता. तीन शेजार, म्हणजे वस्तीचे तीन भाग, प्रत्येकाच्या मध्यभागी शाळा, आणि कुठल्याही घरापासून शाळा अर्ध्या मैलाच्या आत.

एका गल्लीपासून बागेपर्यंत

रॅडबर्नचा आराखडा समजून घ्यायचा तर एक गल्ली धरून चालत जाणं बरं. बाहेरच्या मोठ्या रस्त्यावरून वळलं की वसाहतीला वेढणारा मधल्या दर्जाचा रस्ता लागतो. त्यावर घरांची दारं जवळजवळ नाहीतच. त्या रस्त्याला ठरावीक अंतरानं गल्ल्या फुटतात. एक गल्ली जेमतेम १०० ते १२० मीटर लांब, अरुंद, आणि शेवटी बंद. तिच्या दोन्ही बाजूंना आणि टोकाला मिळून पंधरा-वीस घरं. गल्ली कुठंच जात नसल्यामुळे तिथं राहणारा, त्याचा पाहुणा किंवा सामान पोचवणारा यांच्याखेरीज कुणाची गाडी आत शिरत नाही. घराच्या या बाजूला गॅरेज आणि स्वयंपाकघर. भाजीची पिशवी गाडीतून काढली की दोन पावलांत ओट्यावर.

आता दोन घरांच्या मधल्या फटीतून पुढं जायचं. तिथं कंबरेएवढ्या हिरव्या कुंपणांमधून जाणारी पायवाट आहे, दोन माणसं शेजारी शेजारी चालतील इतकी रुंद. या वाटेवर घराची दुसरी बाजू दिसते. बैठकीची खोली, झोपण्याच्या खोल्या, छोटं अंगण. आणि आणखी थोडं चाललं की झाडं मागे सरतात आणि समोर लांबलचक हिरवळ उघडते. ही बाग कुणा एकाची नाही. गल्ल्यांच्या सगळ्या पायवाटा तिच्यात येऊन मिळतात. बागेतून शाळेकडे वाट जाते, आणि मधे हॉवर्ड अव्हेन्यू आडवा येतो तिथं पायवाट रस्त्याखालच्या बुटक्या बोगद्यातून पलीकडे निघते. सहा-सात वर्षांचं मूल एकही रस्ता न ओलांडता घरातून शाळेत जाऊ शकतं. हे वाक्य रॅडबर्नवरच्या प्रत्येक लेखात येतं आणि यायलाच हवं, कारण सगळी रचना या एका वाक्यासाठी केली आहे.

रचनेचे घटक पाच, आणि ते स्टाइननंच मोजून ठेवले आहेत. छोट्या ब्लॉकऐवजी ३० ते ५० एकरांचा एकसंध सुपरब्लॉक. प्रत्येक रस्त्याला एकच काम. चालणारा आणि मोटार यांची पूर्ण फारकत. घराची दिशा उलटी, म्हणजे राहत्या खोल्या बागेकडे आणि कामाच्या खोल्या गल्लीकडे. आणि वसाहतीचा कणा म्हणजे बाग. यातली एकेक गोष्ट आधी कुठं ना कुठं झाली होती. पाचही एकत्र मात्र इथंच पहिल्यांदा आल्या.

बागेची लागवड मार्जरी सेवेल कॉटली या उद्यानरचनाकार बाईंनी केली. त्यांनी त्या प्रदेशातली स्थानिक झाडंझुडपं निवडली, कडेला दाट आणि मधे मोकळी हिरवळ ठेवली. त्यांचं नाव अनेक ठिकाणी सुटतं, आणि हे मला फार खटकतं. रॅडबर्नचं छायाचित्र बघून माणूस ज्या गोष्टीवर भाळतो ती घरं नसतात, ती झाडं असतात.

बागेचे पैसे कुठून आले

कुठल्याही विकासकाचा पहिला प्रश्न असतो की मोकळी जागा परवडते कशी. स्टाइनचं उत्तर हिशेबाचं होतं. चौकटीच्या नेहमीच्या आखणीत जेवढी जागा रस्त्यांखाली जाते आणि जेवढी लांब पाण्याची नि सांडपाण्याची वाहिनी टाकावी लागते, त्यापेक्षा रॅडबर्नमध्ये सुमारे पावपट कमी लागली. सगळेच रस्ते वाहतुकीच्या रुंदीचे करायचे नव्हते. बंद गल्लीला जाड थराची सडक लागत नाही, दोन्ही बाजूंना पदपथ लागत नाहीत. ही जी बचत झाली तिच्यातून एकूण क्षेत्राच्या १२ ते १५ टक्के जागा बागेसाठी सोडता आली, असं त्याचं गणित होतं. आजची वसाहत बघितली तरी आकडा जुळतो. १४९ एकरांत आतल्या बागा २३ एकर, म्हणजे १५ टक्क्यांच्या किंचित वर.

बदल्यात घरमालकानं काय सोडलं हेही बघायला हवं. इथले प्लॉट लहान आहेत. अमेरिकन उपनगरातल्या माणसाला स्वतःचं मोठं मागचं अंगण हवं असतं आणि तो त्यासाठीच शहर सोडतो. रॅडबर्ननं त्याला सांगितलं की तुझं अंगण छोटं घे, उरलेलं सगळ्यांचं एकत्र करू. हा सौदा कागदावर सुंदर दिसतो. पण एकत्र केलेल्या अंगणाचं गवत कोण कापणार, तिथली बाकं कोण रंगवणार, आणि वीस वर्षांनी कुणी तिथं इमारत बांधायची म्हणाला तर त्याला कोण अडवणार, हे त्या सौद्यातच ठरलेलं असावं लागतं. इथूनच नियमांची गोष्ट सुरू होते. त्याआधी घरांबद्दल थोडं.

पुढचं दार कुठलं?

घरं साधी आहेत. फ्रेडरिक ॲकरमन आणि इतर वास्तुकारांनी मध्यमवर्गाला परवडतील अशी दुमजली विटांची आणि लाकडाची घरं बांधली, जुन्या वसाहतकालीन वळणाची. वेगळेपण दिशेत आहे. बागेकडची बाजू ही दर्शनी आणि गल्लीकडची बाजू ही परसदार, असं आराखडाकारांनी धरलं होतं.

राहणाऱ्यांनी ते तसं वापरलं नाही. पाहुणा मोटारीनं येतो, त्यामुळे तो गल्लीतच उतरतो आणि स्वयंपाकघराच्या दारातूनच आत येतो. शेजाऱ्याशी गप्पा गॅरेजसमोर होतात. आणि मुलं? बाग असताना मुलं बागेत खेळतील असं कुणालाही वाटेल. पण सायकल, चाकाची गाडी, चेंडू यांना टणक जमीन लागते, आणि धाकट्यांना आई खिडकीतून दिसावी लागते. म्हणून मुलं गल्लीत खेळू लागली. हे स्टाइनच्याही लक्षात आलं होतं. गल्लीत फार गाड्या येत नाहीत आणि येणारी गाडी हळू येते, म्हणून ते निभावलं. पहिल्या वीस वर्षांत रॅडबर्नमध्ये रस्त्यावर दोनच मृत्यू झाले आणि ते दोन्ही मोठ्या रस्त्यांवर, गल्लीत एकही नाही, अशी नोंद त्यानं केली आहे.

मला यातून एक गोष्ट कळते. बागेकडे तोंड करून बांधलेलं घर लोकांनी गल्लीकडे वळवून घेतलं तरी वसाहत बिघडली नाही, कारण दोन्ही बाजू राखलेल्या होत्या. गल्लीत कचरा साठला नव्हता आणि बागेत रान माजलं नव्हतं. राखणारं कुणी नसतं तर याच दोन तोंडांच्या घराला दोन पाठी झाल्या असत्या. पुढं अनेक ठिकाणी तसंच झालं.

चालण्याच्या सवयीबद्दल एक आकडा इथं द्यायला हवा. १९७० साली मिशिगन विद्यापीठातल्या अभ्यासकांनी आखीव आणि विनाआखीव वसाहतींची तुलना प्रसिद्ध केली. रॅडबर्नमधले ४७ टक्के लोक किराणा आणायला पायी जात होते. व्हर्जिनियातल्या रेस्टन या नव्या नियोजित गावात हे प्रमाण २३ टक्के होतं, आणि रॅडबर्नजवळच्याच एका साध्या उपनगरात ८ टक्के. मोटारयुगाचं गाव म्हणून विकलेल्या वसाहतीत लोक सगळ्यात जास्त चालतात. वाट चांगली असेल आणि दुकान वाटेच्या टोकाला असेल तर माणूस गाडीची किल्ली शोधत बसत नाही.

१९२९ चा ऑक्टोबर

पहिली कुटुंबं आली त्याच वर्षी ऑक्टोबरात शेअर बाजार कोसळला. पुढच्या मंदीत घरं विकली जाईनात आणि घेतलेल्यांच्या नोकऱ्या गेल्या. दोन चौरस मैल जमिनीचं ओझं कंपनीला पेलवलं नाही आणि १९३० च्या दशकाच्या मध्यावर ती दिवाळखोरीत गेली. २५ हजारांचं गाव तीन हजारांवर थांबलं. तीनऐवजी एका शेजाराचाही सगळा भाग पुरा झाला नाही. हॉवर्डच्या कल्पनेतला शेतीचा हिरवा पट्टा आणि गावातच रोजगार देणारे कारखाने, हे तर आधीच गळून पडले होते. उरलेली जमीन इतर बिल्डरांनी घेतली आणि आज रॅडबर्नच्या भोवती नेहमीचं उपनगर पसरलेलं आहे.

बांधणारी कंपनी बुडाली की बागा लिलावात निघतात, हा सर्वसाधारण अनुभव. रॅडबर्नमध्ये तसं झालं नाही, कारण बागा तोवर कंपनीच्या राहिल्याच नव्हत्या. त्या रॅडबर्न असोसिएशनच्या नावावर होत्या.

दुसरा कागद

चार्ल्स ॲशर या वकिलानं ही कायदेशीर बांधणी केली. १९२९ साली रॅडबर्न असोसिएशन ही ना-नफा संस्था स्थापन झाली आणि त्याच वर्षी जमिनीवर अटींचं घोषणापत्र नोंदवलं गेलं. या अटी माणसाला चिकटलेल्या नव्हत्या, जमिनीला चिकटलेल्या होत्या. घर विकलं तरी नवा मालक आपोआप त्यांना बांधील. आज घर घेणाऱ्यालाही १९२९ च्या त्या कागदाची साखळी चुकत नाही.

अटी मुख्यतः दोन प्रकारच्या. पहिली, दरवर्षी असोसिएशनला वर्गणी द्यायची. ही गावच्या घरपट्टीहून वेगळी, तिच्यावर आणखी. फेअर लॉनला स्वतंत्र नगरपालिका मिळून तेव्हा पाचच वर्षं झाली होती. शेतकऱ्यांच्या त्या गावाकडे बागा, खेळाचे वर्ग, पोहण्याचे तलाव असल्या गोष्टींसाठी पैसा नव्हता. तो वसाहतीनंच उभा करायचा होता. दुसरी अट, घराचं बाह्यरूप असोसिएशनच्या संमतीशिवाय बदलायचं नाही. खोली वाढवायची असो, गॅरेज बदलायचं असो, कुंपण घालायचं असो, आधी विचारायचं.

ही दुसरी अट ऐकून अनेकांच्या कपाळावर आठी येते. माझं घर, मी कुणाला विचारू? पण रॅडबर्नचा नकाशा डोळ्यांसमोर ठेवून बघा. पायवाटेच्या कडेला एका घरानं सहा फुटी भिंत घातली की ती वाट बोळ होते. शेजारी मग आपलीही भिंत घालतो. पाच वर्षांत त्या वाटेनं मूल एकटं पाठवायला आई धजावत नाही, आणि सगळा आराखडा ज्या वाक्यासाठी केला ते वाक्यच खोटं होतं. मोकळ्या जागेची ही रचना प्रत्येक घराच्या थोड्याथोड्या संयमावर उभी आहे. त्यामुळे बाह्यरूपाच्या नियमांवर मी रहिवाशांच्या कुरबुरींपेक्षा असोसिएशनच्या बाजूनं उभा राहीन.

आज असोसिएशनकडे बागांबरोबर दोन पोहण्याचे तलाव, टेनिस कोर्टं, मैदानं आणि मुलांचे कार्यक्रम असा सगळा पसारा आहे. मंदीतही वर्गणीची रचना मोडली नाही. कंपनी गेली, संस्था राहिली. ॲशरच्या कामाचं मोल इतकं मोठं आहे की पुढं अमेरिकेत लाखो घरांना लागू झालेल्या घरमालक संघांची मुळं शोधताना अभ्यासक रॅडबर्नपाशी येऊन थांबतात.

पण दोन गोष्टी या कागदाच्या पोटात होत्या आणि त्या बोलल्याच पाहिजेत.

एक म्हणजे इथं कोण राहायचं. सुरुवातीची वस्ती गोऱ्या, शिकलेल्या, नोकरदार मध्यमवर्गाची होती. कृष्णवर्णीय आणि ज्यू कुटुंबांना घरं विकताना टाळलं गेलं हे अभ्यासकांनी नोंदवून ठेवलं आहे. समतेची भाषा बोलणाऱ्या सुधारकांच्या प्रकल्पात हे झालं, याचं वाईट वाटतं. रस्ता न ओलांडता शाळेत जाणाऱ्या मुलांमध्ये कोणाची मुलं नव्हती, हे त्या सुंदर नकाशात दिसत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे सत्ता कुणाची.

नकाशा गेला, कागद मागे राहिला

सत्तेच्या प्रश्नाआधी नकलांकडे एक नजर टाकतो, कारण त्याशिवाय असोसिएशनचं महत्त्व पुरतं कळत नाही.

मेरीलँडमधलं ग्रीनबेल्ट हे १९३७ चं सरकारी गाव आणि लॉस एंजेलिसमधलं १९४१ चं बाल्डविन हिल्स व्हिलेज ही रॅडबर्नची थेट भावंडं, आणि ती चांगली वाढली. आपल्या जवळचं उदाहरण चंदीगडचं. तिथला पहिला आराखडा १९५० साली अल्बर्ट मेयर या अमेरिकन नगररचनाकारानं केला तेव्हा क्लॅरेन्स स्टाइन त्याचा सल्लागार होता. सुपरब्लॉक, मधून जाणारी हिरवी पट्टी, वाहतूक बाहेरून. पुढं ल कॉर्ब्युझिए या वास्तुकारानं रेषा सरळ केल्या आणि ८०० बाय १२०० मीटरचे सेक्टर आखले, पण सेक्टरच्या आतून वाहणारी बाग ही कल्पना राहिली.

अमेरिकन उपनगरांनी मात्र अर्धीच गोष्ट उचलली. १९३० च्या दशकात घरकर्जांना हमी देणाऱ्या केंद्रीय गृहनिर्माण प्रशासनानं बंद गल्ल्यांची शिफारस केली, आणि विकासकांना त्या आवडल्या कारण बंद गल्लीतलं घर चांगल्या भावाला जातं. बाग आणि पायवाट मात्र त्यांनी सोडून दिली. मग काय झालं? गल्ल्यांचं जाळं उरलं, ज्यात शेजारच्या गल्लीत जायलाही गाडी काढून मोठ्या रस्त्याला वळसा घालावा लागतो. चालण्यासाठी केलेली युक्ती चालणं बंद करण्याचं साधन झाली.

ब्रिटनमध्ये याच्या उलट घडलं. तिथं रेक्सॅमच्या क्वीन्स पार्कपासून पुढं अनेक सरकारी वसाहतींत रॅडबर्नची आखणी आली, पायवाटांसकट. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सच्या गृहनिर्माण आयोगानं सिडनीच्या नैर्ऋत्येला मिंटो, एअर्ड्स, क्लेमोर या वसाहती तशाच बांधल्या. घरांची तोंडं सामाईक हिरवळीकडे, गाड्या आणि कचऱ्याचे डबे मागच्या गल्लीत. इथं राहणारे भाडेकरू होते. हिरवळ सरकारची, गल्ली सरकारची, वर्गणी नाही, असोसिएशन नाही, आणि सरकारी देखभालीचा पैसा दरवर्षी आटत जाणारा. हिरवळ ओसाड पडली. पायवाटा अंधाऱ्या झाल्या आणि लोक त्या टाळू लागले. पाहुण्याला कुठल्या दारानं यायचं तेच कळेना, आणि मागच्या कुंपणांच्या ओळीत कोण उभं आहे हे कुठल्याच खिडकीतून दिसेना. शेवटी ‘रॅडबर्न काढून टाकणं’ हेच तिथल्या पुनर्विकासाचं काम झालं. घरांची तोंडं पुन्हा रस्त्याकडे वळवली, पायवाटा बंद केल्या, हिरवळीचे तुकडे करून अंगणांना जोडले, आणि मिंटोसारख्या ठिकाणी तर बरीचशी घरंच पाडली.

या अपयशाचं खापर आखणीवर फोडायची पद्धत आहे. मला ते अर्धवट वाटतं. त्याच वसाहतींत गरिबी एका जागी गोळा केली होती, नोकऱ्या लांब होत्या, बससेवा अपुरी होती. आणि सामाईक जागेचा धनी कोण, याचं उत्तर कुणी लिहून ठेवलं नव्हतं. न्यू जर्सीत ते पहिल्या दिवशी लिहिलं होतं.

धनी कोण, आणि मत कुणाला

आता कागदाचा तो भाग, ज्यात सत्ता होती. आपल्याकडे गृहनिर्माण सोसायटीत सदनिका घेतली की रीतसर सभासद होता येतं, आणि सभासद झालं की मत आलं, मग वार्षिक सभेत कुणी कितीही गोंधळ घालो. रॅडबर्नमध्ये घर घेतलं की वर्गणी यायची, अटी यायच्या, सभासदत्व मात्र यायचं नाही. असोसिएशनचे सभासद म्हणजे विद्यमान विश्वस्त आणि माजी विश्वस्त. विश्वस्त मंडळाच्या उमेदवारांची नावं हेच सभासद ठरवायचे आणि रहिवाशांनी त्या नावांतून निवड करायची. निवडणूक होती, पण यादी कुणी करायची हे आधीच ठरलेलं होतं.

ही रचना खोडसाळपणे केलेली नव्हती. त्या काळातल्या सुधारकांचा निवडणुकीच्या राजकारणावर विश्वास उडाला होता. शहराचा कारभार निवडून आलेल्या पुढाऱ्याऐवजी पगारी, जाणत्या व्यवस्थापकानं चालवावा अशी चळवळच अमेरिकेत जोरात होती. उद्या चार रहिवासी निवडून येतील, वर्गणी कमी करतील आणि बाग विकतील, ही भीती त्यामागे होती. बाग वाचवायची तर ती तिच्याच मालकांपासूनही वाचवली पाहिजे, असा तो विचार. आणि बाग खरंच वाचली, हे नाकारता येत नाही.

पण तीच रचना उलटीही फिरते. जे मंडळ रहिवाशांना उत्तर द्यायला बांधील नाही, ते जमीन विकायचीही ठरवू शकतं. एका मैदानाच्या जमिनीवर विकासकाची घरं येण्यावरून वसाहतीत असंतोष वाढला. हिशेब दाखवा, आम्हाला सभासद करा, उमेदवारी खुली करा, या मागण्या पुढं आल्या. २००६ साली काही रहिवासी कोर्टात गेले. राज्याच्या कायद्यात नियोजित वसाहतींतल्या घरमालकांना मंडळ निवडण्याचा हक्क आहे, आणि आमच्याकडची निवड हा नुसता देखावा आहे, असं त्यांचं म्हणणं. कोर्टाच्या दृष्टीनं कायद्याचे शब्द जेवढं मागत होते तेवढं असोसिएशन करत होतं. अपिलातही रहिवाशांच्या पदरी मुख्य मागणी पडली नाही.

मग त्यांनी विधिमंडळाची वाट धरली. याला वर्षं लागली. राज्यभरातल्या मालक संघांना हा प्रश्न लागू होता, त्यामुळे ज्यांची मंडळं जुन्या पद्धतीनं चालत होती त्यांचा विरोधही होता. जुलै २०१७ मध्ये राज्यपाल ख्रिस क्रिस्टी यांनी दुरुस्ती कायद्यावर सही केली. अशा वसाहतीतला प्रत्येक घरमालक हा संघाचा सभासद आहे. त्याला मत देण्याचा हक्क आहे आणि मंडळावर उभं राहण्याचाही. मंडळाच्या सदस्याची मुदत चार वर्षांहून लांब असू शकत नाही. २०२० साली निवडणुकीची तपशीलवार नियमावली आली, उमेदवारी कशी मागवायची, सूचना किती दिवस आधी द्यायची, इथपर्यंत. न्यू जर्सीतले वकील आणि सोसायट्यांचे व्यवस्थापक या कायद्याला बोलण्यात सरळ ‘रॅडबर्न कायदा’ म्हणतात.

रहिवाशांच्या या लढ्याबद्दल मला मनापासून आदर आहे. त्यांचं भांडण बागेशी नव्हतं, अटींशीही नव्हतं. वर्गणी बंद करा किंवा बाह्यरूपाचे नियम काढून टाका, ही त्यांची मागणी नव्हती. जमिनीला चिकटलेल्या अटी त्यांना मान्य होत्या, फक्त त्या राबवणारे हात आपण निवडलेले असावेत एवढंच ते मागत होते. पुढाऱ्यांच्या भीतीनं ॲशरच्या पिढीनं बंद केलेलं दार मालकांनीच कायद्यानं उघडून घेतलं. मालकांना मत दिलं की बाग विकली जाईल या जुन्या भीतीची कसोटी आता दर निवडणुकीला लागते. माझ्या मते ती भीती उलट्या जागी होती. मुलांना त्या पायवाटेनं शाळेत पाठवणारे लोकच बागेचे सगळ्यात कडक राखणदार असतात.

आता तिथं बाकी आहेत ते रोजचे वाद. एका मोटारीसाठी बांधलेल्या गॅरेजच्या घरात दोन किंवा तीन मोटारी आल्या आहेत आणि गल्ली होती तेवढीच अरुंद आहे. कुणाला गॅरेजची राहती खोली करायची आहे, कुणाला दारासमोरची फरसबंदी वाढवायची आहे, आणि प्रत्येक अर्ज असोसिएशनच्या टेबलावर येतो. परवानगी द्यावी तर हिरवं कुंपण जातं, नाकारावी तर गाडी बाहेरच्या रस्त्यावर उभी राहते. हे अर्ज तपासणारं मंडळ निवडताना आता प्रत्येक घराच्या हातात मतपत्रिका आहे, आणि उमेदवारांच्या यादीत स्वतःचं नाव घालायचीही मोकळीक.